सात नंबर लाइनीवरचे दोन डबे

"हे कुणालाच पटणार नाही, आधीच सांगून ठेवतो," मी म्हणालो. "पण कोळशानं भरलेला धावता डबा मी जागच्या जागी थांबलेला पाहिलाय. ब्रेक नाही, इंजिन नाही, पुढं भिंत नाही. माणूस उंबऱ्यात पाय टाकता टाकता काहीतरी आठवून थबकतो ना, तसा."

"झालं सुरू," चौबळ म्हणाला आणि त्यानं बशीतला चहा फुर्रकन ओढला.

चौबळ मालगाडीचा गार्ड होता आणि मी शेंदूरखेडच्या रेल्वे यार्डातला खलाशी, म्हणजे डबे जोडणारा कामगार. दोघं एकाच वर्षी रिटायर झालो. तेव्हापासून रोज चार वाजता तो माझ्या ओसरीवर येतो, माझ्या सुनेच्या हातचा चहा पितो आणि मला खोटं पाडतो. त्याचा तरी काय दोष? केळीच्या डब्यात झोपलेल्या अजगराला दोर समजून मी त्यानं दार बांधून टाकलं होतं, ही हकिगत त्याला मी तीनदा सांगितली आहे आणि तिन्ही वेळा अजगराची लांबी वेगवेगळी भरली.

त्या दिवशी मात्र गोष्ट चौबळसाठी नव्हती. समोरच्या खुर्चीत सुमन बसली होती. उखर्डू सपकाळेची मुलगी. उखर्डू यार्डातल्या अपघातात गेला तेव्हा ती चार वर्षांची होती. आता कानाजवळचे केस पांढरे झालेत आणि कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मांडीवर वही होती आणि वहीत घडी घातलेला एक जुना कागद.

कामगारांनी वर्गणी काढून यार्डाच्या फाटकाशी एक शिळा बसवायचं ठरवलं होतं. कामावर असताना गेलेल्या माणसांची नावं तिच्यावर कोरायची होती. यादीत अकरा नावं आली, उखर्डूचं आलं नाही. कारण त्या जुन्या कागदात, म्हणजे चौकशीच्या निकालात लिहिलं होतं की मयत खलाशानं डबा अडवायची स्किड नीट लावली नाही आणि तो स्वतःच्याच निष्काळजीपणानं गेला. आपल्या चुकीनं मेलेल्याचं नाव शिळेवर नको, असं कमिटीतल्या दोघांनी धरून ठेवलं. अपघात डोळ्यांनी पाहिलेल्या कुणी वेगळं लिहून दिलं तर बघू, एवढी फट त्यांनी ठेवली होती. आणि पाहिलेल्यांपैकी जिवंत असा मी एकटाच उरलो होतो.

"काका, शिळा पुढच्या महिन्यात बसेल," सुमन म्हणाली. "आई जाईपर्यंत एकच विचारायची. स्किड लावायला चुकेल असा माणूस होता का तो? मला उत्तर देता यायचं नाही. म्हणून आले. फक्त सजवून सांगू नका. झालं तसं सांगा, मी लिहून घेते."

"सजवून? मी?"

चौबळला ठसका लागला. त्याची पाठ थोपटून झाल्यावर मी सुरुवात केली.

यार्डाला एका बाजूनं टेकाड आहे. इंजिन मागून रेटत मालगाडी त्या टेकाडावर चढवतं, माथ्यावर एकेक डबा सोडायचा, आणि तो आपल्या वजनानं उतरत खाली ज्या लाइनीवर पाहिजे त्या लाइनीवर जातो. खाली उभ्या डब्याला जाऊन धडकतो आणि जोडला जातो. दिवसभर हेच. धाड, धाड, धाड. पाहुण्यांना वाटायचं यार्डात लढाई चाललीय. आमच्या बायकांना आवाज थांबला तरच जाग यायची.

"जोडला जातो तो कसा?" सुमननं विचारलं. तिला माहीत असणार, पण तिला माझ्या तोंडून हवं होतं.

मी दोन्ही हात पुढं केले. "प्रत्येक डब्याच्या टोकाला लोखंडी पंजा असतो. धडकेच्या आधी उभ्या डब्याचा पंजा उघडून ठेवायचा. बाजूला दांडा असतो, तो उचलला की पंजा उघडतो. मग येणारा डबा आदळला की पंजे असे एकमेकांत बसतात, आपोआप. दोन्ही पंजे मिटलेले राहिले तर मूठ मुठीवर आपटते. अडकत काही नाही."

"आणि उघडायचा कुणी?"

"त्या दिवशी सात नंबर लाइनीवर मी आणि उखर्डू. पंजा माझ्याकडं, स्किड त्याच्याकडं."

स्किड म्हणजे रुळावर ठेवायची लोखंडी पाचर. चाक तिच्यावर चढतं, घसटत जातं आणि डबा थांबतो. उखर्डूसारखी स्किड लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. डब्यापासून पावलं मोजत जायचा, ओठ हलायचे. स्किड ठेवली की टाचेनं दोनदा ठोकून बघायचा, मग वाकून डोळा रुळाला लावायचा. आम्ही चिडवायचो, "उख्या, रुळाचा मुका घेतोस का?" तो म्हणायचा, "घेतो. बायकोपेक्षा रोज याच्याशीच गाठ आहे." हसायचा फारसा नाही. पण डबा खाताना हळूच मला कोपर मारायचा. "यादव, अजगर आज किती हात?"

सुमन खाली बघत होती. वहीत तिनं अजून काही लिहिलं नव्हतं.

"एक नियम होता," मी म्हणालो. "कागदावरचा नव्हे, आमचा. पंजा उघडला की उघडणाऱ्यानं हाक द्यायची, 'खुला!' ती हाक दांड्यावर हात असतानाच द्यायची. हाक ऐकली की टेकाडावरचा जमादार झेंडा दाखवणार आणि डबा सुटणार. आणि हाक ऐकली की पुढच्या माणसानं बिनघोर आपलं काम करायचं. आईच्या शब्दावर नसेल एवढा भरवसा त्या हाकेवर."

"खरंय," चौबळ म्हणाला. एवढ्या वर्षांत माझ्या गोष्टीत त्यानं पहिल्यांदा 'खरंय' म्हटलं असेल.

मार्चअखेरची दुपार होती. ऊन असं की रुळावर पापड भाजून निघावेत. म्हणजे मी भाजलेत. सात नंबरवर एक डबा एकटा उभा होता, कोळशानं शिगोशीग भरलेला. त्याच्या पुढं पन्नास-साठ पावलांवर बाकीची गाडी तयार होत होती. टेकाडावरून तसाच एक भरलेला डबा यायचा होता. तो एकट्याला धडकणार, दोघं जोडीनं हळूहळू पुढं सरकणार, स्किडवर चढून थांबणार. मग इंजिन त्यांना सावकाश ढकलून गाडीला लावणार. उखर्डूनं स्किड लावली आणि पुढं त्या गाडीच्या तोंडाशी जाऊन शेवटच्या डब्याचा पंजा साफ करत उभा राहिला. त्यात वंगणाचा गोळा अडकला होता. पाठ आमच्याकडं.

"तुम्ही कुठं होता?" सुमननं विचारलं.

"मी निंबाखाली. जेवणाची सुट्टी नुकती संपली होती, चहा आला होता, चारपाच जण बसले होते. मी त्यांना माकडाची गोष्ट सांगत होतो."

"कुठलं माकड?" चौबळनं विचारलं. हे मला सांगितलं कसं नाही, असा त्याचा चेहरा होता.

केळीच्या गाडीवर बसून येणारं माकड होतं एक. गार्डाच्या डब्याच्या टपावर बसून यायचं. बघून बघून ते शिट्टी शिकलं, झेंडे शिकलं. एक दिवस गार्ड खाली उतरून झाडाआड गेला, तेवढ्यात माकड आत शिरलं आणि त्यानं हिरवा झेंडा उचलला. इथवर गोष्ट आली होती. खलाशांच्या हातातला चहा हातातच. एकाच्या तर तोंडात बिडी होती, पेटवलेली काडी बोटापर्यंत आली तरी त्याला पत्ता नाही. अशी माणसं एकदा हातात आली की सांगणाऱ्याला काय वाटतं ते सांगणाऱ्यालाच ठाऊक.

"आणि तेवढ्यात?" सुमन.

"तेवढ्यात टेकाडावरून जमादारानं विचारलं, सात नंबर? मी उठलो. गेलो, दांडा उचलला, पंजा उघडला, 'खुला!' म्हणून हाक दिली. पलीकडून उखर्डूनं 'बरं!' म्हणून उत्तर दिलं. मी परत येऊन बसलो. चहा अजून गरम होता."

"निंब सात नंबरपासून किती लांब होता रे?" चौबळनं विचारलं.

"दोनशे पावलं."

"चारशे पावलं चालून आलास आणि चहा गरम?"

"तेव्हाचा चहाच तसा होता. आताच्यासारखा मिळमिळीत नव्हता."

आतून सुनेनं भांडं आपटलं. सुमनच्या ओठांच्या कडा किंचित हलल्या आणि पुन्हा स्थिर झाल्या.

"मग डबा आला," मी म्हणालो आणि उभा राहिलो. ही जागा मला बसून सांगता येत नाही. "चाळीसच्या वेगानं आला."

"चाळीस!" चौबळनं बशी खाली ठेवली. "टेकाडावरून उतरणारा डबा बारा-पंधराच्या वर कधी जात नाही. चाळीसनं आदळला असता तर कोळसा तुझ्या त्या गरम चहात पडला असता."

"तू होतास का तिथं?"

"नव्हतो. पण सव्वीस वर्षं मीही रुळावरच काढलीत. पोरीला खोटं लिहून देऊ नकोस."

सुमननं हात वर केला. वर्गात करत असेल तसाच. "वेग राहू दे काका. पंधराच धरू. आदळल्यावर काय झालं?"

"तेच तर सांगतोय. आवाज झाला. नेहमीसारखा नव्हे, कोरडा. घणानं ऐरणीवर मारावं तसा. आणि आलेला डबा थांबला. जागीच, जिथं आधीचा उभा होता तिथं. अन् जो उभा होता तो सुटला, आलेल्याचा सगळा वेग घेऊन. कॅरमच्या सोंगटीसारखा. एकाच्या अंगातलं वारं दुसऱ्याच्या अंगात शिरावं आणि पहिला रिकामा होऊन उभा राहावा, अगदी तसं. इतकी वर्षं मी डबे बघितले, पण इतकं स्वच्छ कधी पाहिलं नाही."

"थापा," चौबळ म्हणाला. "पन्नास टन जागच्या जागी थांबतात होय? थोडा तरी सरकला असेल."

"नाही सरकला."

"अरे पण..."

"नातवाची शपथ. वीतभरसुद्धा नाही."

सुमननं चौबळकडं बघून मान हलवली, म्हणजे राहू द्या. मग मला म्हणाली, "पुढं?"

पुढं सांगणं अवघड होतं. सुटलेला डबा स्किडवर गेला. स्किडनं क्षणभर किंकाळी फोडली, ठिणग्या उडाल्या, आणि ती रुळावरून बाजूला फेकली गेली. नंतर खडीत पडलेली सापडली, म्हणून साहेबांनी लिहिलं की नीट लावली नव्हती. आम्ही निंबाखालून ओरडलो. सगळेच ओरडलो. पण उखर्डूनं मागं वळून पाहिलं नाही. त्याला आवाज सवयीचा होता. हाक त्यानं ऐकली होती, स्किड त्याची त्यानं लावली होती, डबे हळूहळू येऊन वीस पावलांवर थांबणार हे त्याला ठाऊक होतं. एकदा फक्त त्यानं हात वर केला, मागं न बघता. ऐकलं, ऐकलं, अशा अर्थानं.

मी पोचलो तेव्हा तो दोन पंज्यांच्या मध्ये उभाच होता. पडायला जागा नव्हती. तोंड माझ्याकडं वळलेलं. चेहऱ्यावर काहीच लागलेलं नव्हतं, घामसुद्धा रोजच्यासारखा.

सुमनची बोटं वहीच्या कडेवर घट्ट झाली. "बोलले का काही?"

"बोलला." मी पुन्हा खाली बसलो. "हे मी चौकशीत सांगितलं नव्हतं. तुझ्या आईलाही नाही. त्यानं विचारलं, 'मागचे पंजे बसले का रे?' मी म्हणालो, 'बसले.' तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, 'मग माझीच स्किड चुकली असणार.' त्यानंतर काही बोलला नाही."

चौबळनं चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला. रस्त्यावरून भाजीवाली ओरडत गेली, वांगी घ्या, दुधी घ्या.

"पण चुकली नव्हती, सुमन!" मी घाईघाईनं म्हणालो. "हे लिही तू. स्किड पक्की लावली होती, ठोकून. मी बघितली होती. वेगच राक्षसी होता, त्याला कोण काय करणार? लिही, यादव इंगळे सांगतो की उखर्डूची काही चूक नव्हती. आणि माझीही नव्हती. पंजा उघडा होता, पंजे बसले होते, पण धक्क्यानं सुटले. दैवच म्हणायचं. चौकशीतही मी हेच सांगितलं, बसले आणि सुटले. मी सही करतो, आण."

सुमननं वही पुढं केली नाही.

"दोन्ही डबे सारखेच होते ना? सारखेच भरलेले?"

"एकाच खाणीचे. उन्नीस-बीस नाही."

"आणि आलेला डबा थांबला. हळू झाला असं नाही, थांबला."

"शपथ घेतली ना मी."

"मला शपथेची गरज नाही काका. चौबळकाकांना ते खोटं वाटतं, मला नाही. तुम्ही सांगितलंत त्यात सगळ्यांत खरं तेच आहे." ती वर्गातल्या आवाजात बोलत होती, पण अगदी हळू. "सारख्या वजनाचा डबा सारख्या वजनाच्या उभ्या डब्यावर आदळला आणि अडकला नाही, तर असंच होतं. आलेला थांबतो, उभा असलेला सगळा वेग घेऊन जातो. मी दर वर्षी मुलांना हेच शिकवते. पण पंजे बसले असते, तर दोघं मिळून गेले असते. निम्म्या वेगानं. एकही थांबला नसता."

"बसले आणि सुटले, म्हणतोय ना मी."

"बसून सुटले असते तरी दोघं निम्म्या वेगाला आलेच असते. सुटल्यावर दोघंही पुढं जात राहिले असते. एक मेल्यासारखा थांबतो आणि दुसरा पळतो, ते पंजे एकदाही अडकले नाहीत तरच. मूठ मुठीवर. तुमचेच शब्द."

चौबळनं चष्मा डोळ्यांवर चढवला आणि माझ्याकडं बघितलं. मी चहाबरोबर खाल्लेल्या शेंगांचं एक टरफल उचललं आणि त्याचे बारीक बारीक तुकडे करत बसलो.

"बाबांनी स्किड निम्म्या वेगासाठी लावली होती," सुमन म्हणाली. "जोडीनं हळू येणाऱ्या डब्यांसाठी. पावलं मोजून. तेवढ्या वेगाला ती पुरली असती. म्हणून त्यांनी मागं बघितलं नाही."

"हो."

"तुमचा आवाज मोठा होता म्हणे तेव्हा. आई सांगायची."

"मोठा?" इतकं सगळं होऊनही जीभ कशी असते बघा. "मी निंबाखालून हाक दिली तर तापीपलीकडचे नावाडी 'ओ' द्यायचे."

बोलून गेल्यावर मला ते ऐकू आलं. चौबळनं मान खाली घातली.

सुमननं वही मिटली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं. पण आतल्या खोलीत माझी सून भांडं घासायची थांबली, इतक्या स्पष्टपणे ती म्हणाली,

"काका, तुम्ही निंबाखालून उठलाच नव्हता."